आश्विनातली हिरवळ आणि फरसबंदीचा ठराव

सहकारी गृहनिर्माण संस्थांनी आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी, असा कायद्याचा दंडक आहे. त्यामुळे मीरा-भाईंदरमधील पुष्कळशा संस्थांच्या सभा गणेशविसर्जन आणि घटस्थापना यांच्या आगेमागे एखाद्या रविवारी भरतात. विषयपत्रिकेवर लेखापरीक्षित हिशेब असतात, गळक्या गच्च्या असतात, लिफ्टच्या देखभालीचा करार असतो. आणि या सर्वांचा काथ्याकूट होऊन सभासद जांभया देऊ लागले की अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय पुकारले जातात. आवारातल्या हिरवळीचे भवितव्य ठरते ते बहुधा या घटकेला. कोणी तरी उठून सांगतो की गवतात चिखल होतो, डास होतात, मुले चपला भरवून जिना घाण करतात. तेव्हा एकदाची फरसबंदी करून टाकावी. दुसरा अनुमोदन देतो. तिसऱ्याला घरी जाण्याची घाई असते. ठराव एकमताने संमत होतो, दरपत्रके मागवली जातात, आणि दिवाळीच्या आत सिमेंटच्या ठोकळ्यांनी भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहतो.

या निर्णयात दुष्टावा कोणाचाच नसतो. चूक असते ती मुहूर्ताची. चार महिन्यांच्या पावसाने थबथबलेले, टाकळा आणि लव्हाळा यांनी गजबजलेले, कापणीविना गुडघाभर वाढलेले गवत त्या दिवशी आपल्या सर्वांत वाईट रूपात सभासदांपुढे उभे असते. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत, म्हणजे पाऊस परतीच्या वाटेला लागल्यापासून आश्विन संपेपर्यंत, त्याच गवताला थोडा हात लावला तर ते पुढले वर्ष निभावून नेते. ज्या पंधरवड्यात मशागत करायची त्याच पंधरवड्यात आपण फाशीची शिक्षा सुनावतो, असा हा प्रकार आहे.

हिरवळीच्या निगेविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक विलायती पुस्तकांवरून उतरलेले असते, ही यातली पहिली अडचण. त्या पुस्तकांत 'ऑटम'मधली कामे मोठ्या तपशिलाने दिलेली असतात: गळालेली पाने दाताळ्याने ओढून काढा, थंडी पडण्यापूर्वी खत द्या, हिमवर्षावाआधी शेवटची कापणी करा. शाळेच्या शब्दकोशात 'ऑटम' म्हणजे शरद, म्हणून ही सारी कामे आश्विन-कार्तिकात करायची असे समजून चालणारे हौशी बागवान कमी नाहीत. वस्तुतः आपल्याकडे पानगळीचा ऋतू शरद नव्हे. आवारातला देशी बदाम लाल होऊन पाने टाकतो तो शिशिरात. सोनमोहर आणि गुलमोहर उघडे पडतात तेही थंडी सरता सरता. कालिदासाने 'ऋतुसंहारा'च्या तिसऱ्या सर्गात शरद वर्णिला आहे तो काशाच्या फुलांचा आणि निवळलेल्या पाण्याचा, पाचोळ्याचा नव्हे. शिवाय या किनाऱ्यावरचा शरद थंडही नसतो. मुंबई परिसरात ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या बरोबरीला जाते. ढगांचे छत्र निघून गेलेले, हवेत दमटपणा उरलेला, आणि जमिनीतली ओल दिवसेंदिवस आटत चाललेली, असा हा काळ आहे. विलायतेतले गवत त्या वेळी झोपेची तयारी करत असते. इथले गवत उपासमारीच्या उंबरठ्यावर उभे असते. तेव्हा तिथली निगा इथे कामाची नाही.

मग इथली निगा कोणती होती? या प्रश्नाचे उत्तर जरा अडचणीचे आहे. उत्तन, डोंगरी, चौक, राई, मुर्धा, मोर्वा या जुन्या गावांतल्या कोळी, आगरी आणि ख्रिस्ती घरांना अंगणे होती, पण त्या अंगणांत हिरवळ राखण्याची रीत नव्हती. उलट पाऊस ओसरला की अंगणात उगवलेले गवत काशांसकट उपटून काढायचे, खड्डे नव्या मातीने भरायचे, पाणी शिंपून जमीन लाकडी चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची, हेच उत्तर कोकणातल्या घराचे आश्विनातले काम. भात झोडायला, मिरच्या-मासळी वाळवायला, दिव्यांची आरास मांडायला, लग्नाचा मांडव घालायला स्वच्छ टणक जमीन लागे. गवत हे बांधावर आणि कुरणात शोभणारे. मराठी शेतकऱ्याच्या लेखी हरळी ही तर शत्रूच. तिच्या काशा वेचता वेचता पिढ्या वाकल्या. आजही या गावांत समुद्राकडच्या मोकळ्या जागेत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळताना दिसतात, आणि त्याखालची जमीन अशीच राखलेली असते.

हिरवळ ही साहेबाची देणगी होय. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीतले लोकर कातरण्याचे यंत्र पाहून १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि तोवर सरदारांच्या वाड्यांपुरते असलेले कातरलेले गवत मध्यमवर्गाच्या दारी आले. तिथून ते छावण्या, जिमखाने आणि सर्किट हाउस यांच्या वाटेने आपल्याकडे उतरले. तिथे पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरांहून अधिक कोसळतो आणि नंतर सात महिने जवळजवळ काहीच नाही. एका हवामानातला शौक दुसऱ्या हवामानात पोसायचा म्हणजे तो पाण्याच्या नळीने पोसावा लागतो. (महाराष्ट्रात 'लॉन' या शब्दाचा अर्थ आता लग्नाचे भाड्याचे मैदान असा झाला आहे, यात भाषेने थोडा सूडच उगवला म्हणायचा.)

असे असेल तर सोसायटीच्या आवारात गवत हवेच कशाला, असे कोणी विचारील. अंगण सारवणारे आजोबा-आजी मग फरसबंदीच्याच बाजूचे ठरत नाहीत काय? ठरत नाहीत. सारवलेले अंगण पाणी पिते. सिमेंटचा ठोकळा पीत नाही, आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटी वर्षा-दोन वर्षांत गाळाने बुजतात. तीनशे चौरस मीटरच्या आवारावर शंभर मिलीमीटर पाऊस पडला, आणि इथे असा दिवस वर्षातून अनेकदा उगवतो, तर ते तीस हजार लिटर पाणी होते. मातीत त्यातले काही मुरते, काही गवताच्या बुडख्यांत रेंगाळते. फरशीवरून सगळे तडक फाटकाबाहेर. श्रावणात भिजून चिंब झालेली चिकण जमीन फारसे पाणी पीत नाही हे मान्य केले तरी, ते बाहेर पडायला उशीर लावते एवढाही उपकार सखल वस्तीत लहान नाही. आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली फरशी रात्री दहापर्यंत खालच्या मजल्यांना ऊब देत राहते, याचा अनुभव तळमजल्यावर राहणाऱ्याला निराळा सांगावा लागत नाही.

या शहराची जमीनही ध्यानात घेतली पाहिजे. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली. ही वस्ती वसली ती बऱ्याच अंशी खाजणांवर, भातशेतांवर आणि मिठागरांच्या कडेच्या जमिनींवर भराव घालून. वरची फूटभर माती बाहेरून आणलेली, तिच्याखाली इमारतीचा राडारोडा, आणि त्याखाली खाडीचा चिखल. पावसाळ्यात गोडे पाणी या थरांतले मीठ खाली दाबून ठेवते. पाऊस थांबला की उन्हाने वरची ओल उडते, खालची खारट ओल वर चढते, आणि कार्तिकात काही आवारांत मातीवर पांढुरकी साय धरते. अशा जमिनीवर रोपवाटिकेतून गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली नाजूक हिरवळ अंथरायची, तिची मुळे राडारोड्यामुळे चार बोटांखाली जात नाहीत म्हणून तिला रोज पाणी पाजायचे, आणि ती दोन वर्षांत मेली की माळ्याला दोष द्यायचा, हा क्रम अनेक संस्थांनी पैसे मोजून पुरा केला आहे. माळी बिचारा आठवड्यातून दोनदा, तासाभरापुरता येतो. असल्या अनेक आवारांत त्याला त्याच दिवशी जायचे असते.

या जमिनीला मानवते ती हरळीच. गणपतीला एकवीस जुड्यांनी वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. ऊन तिला आवडते, खार ती पुष्कळ सोसते, तुडवण्याने ती खचत नाही, आणि पाणी तुटले की वरून पिवळी पडून काशांच्या रूपाने जमिनीत दडून राहते. मृगाचे चार शिंतोडे पडले की पुन्हा वर. शेतकऱ्याला ज्या गुणांनी तिने जेरीस आणले तेच गुण इथे उपयोगी पडतात. एकच गोष्ट तिला सोसत नाही, ती म्हणजे सावली. आणि नेमके याच बाबतीत पावसाळ्यातली हिरवाई फसवी असते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे इमारतीच्या चारही बाजूंना उजेड मिळतो. सप्टेंबर संपता संपता एकवीस मीटर उंचीच्या, म्हणजे सहा-सात मजली इमारतीची भर दुपारची सावली उत्तरेला सात मीटरांवर जाते; डिसेंबरअखेर ती एकोणीस मीटरांवर पोचते. इमारतीच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात हिरवळ जगवण्याचा खटाटोप म्हणूनच सोडून द्यावा. तिथे सावलीतली झुडपे लावावीत, किंवा पूर्वजांप्रमाणे माती चोपून मोकळी ठेवावी. गवत राखायचे ते दक्षिणेला, आणि तेही थोडे.

थोडे का, याचे कारण पाणी. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघर योजना आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून उल्हास खोऱ्यातले पाणी विकत घेऊन या शहराने वर्षे काढली. सूर्या नदीवरच्या धरणातून आणायच्या ४०३ दशलक्ष लिटरांपैकी २१८ दशलक्ष लिटर रोज मीरा-भाईंदरच्या वाट्याला, असे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या योजनेत ठरले, तेव्हा डहाणू-पालघरकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या ओलिताचे पाणी शहराकडे वळवण्याला हरकत घेतली होती. म्हणजे या शहरात नळ सोडणाऱ्याच्या हातात दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे पाणी असते, हे विसरून चालणार नाही.

आता हिशेब पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शरदातल्या उन्हात हिरव्यागार गवतातून रोज चार ते पाच मिलीमीटर पाणी उडून जाते. तीनशे चौरस मीटरची हिरवळ कायम हिरवी ठेवायची तर रोज बाराशे ते पंधराशे लिटर हवेत. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटरांचे. तेव्हा हे नऊ ते अकरा माणसांचे पाणी झाले. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा हिशेब तीन लाख लिटरांच्या वर जातो, म्हणजे दहा हजार लिटरांचे तीसहून अधिक टँकर. ज्या इमारतीत उन्हाळ्यात सकाळी पाऊण तास पाणी सोडले जाते, तिने हा थाट करणे अशोभनीय आहे. फरसबंदीवाल्यांचा हा मुद्दा खरा आहे, आणि हिरवळीच्या हौशी मंडळींनी तो कधी मनापासून मान्य केलेला नाही.

परंतु तो कायम हिरव्या गवताविरुद्धचा मुद्दा आहे, गवताविरुद्धचा नव्हे. हरळीला आश्विन-कार्तिकात दहा दिवसांनी एकदा, पण वीस मिलीमीटर, म्हणजे तीनशे चौरस मीटरला सहा हजार लिटर, असे पाणी पहाटे दिले तर ते मुळांपर्यंत उतरते आणि वर चढू पाहणारे मीठही खाली ढकलते. रोज संध्याकाळी नळीने केलेला शिडकावा नेमके उलटे करतो: मुळे वर वर राहतात, मीठ वर साचते, आणि माळी काम करतो आहे एवढे मात्र खिडकीतून दिसते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत अशा सहा पाळ्या दिल्या तर छत्तीस हजार लिटर लागतात. तीस टँकरांच्या जागी चारही नाहीत. त्यापुढे पाणी तोडावे, फार तर महिन्या-दीड महिन्याने एखादी पाळी द्यावी, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत गवत पिवळे पडले तर पडू द्यावे. उन्हाळ्यात पिवळे दिसणारे मैदान हा व्यवस्थापक समितीचा गलथानपणा नसून या प्रदेशाचा नैसर्गिक वर्ण आहे, हे सभासदांनी एकदा स्वीकारले की निम्मा प्रश्न मिटतो. भुयारी गटार योजनेतल्या केंद्रांत प्रक्रिया होऊन निघणारे पाणी सोसायट्यांच्या बागांना रीतसर मिळू लागले तर उरलेलाही मिटेल. घरगुती युक्त्यांत मात्र तारतम्य हवे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी गवताला चालते, त्यात मीठ नसते. जलशुद्धीकरण यंत्राने टाकून दिलेले पाणी मात्र बादल्या भरभरून मातीत ओतणारे सद्‌गृहस्थ खाजणाच्या जमिनीला आणखी मीठ चारत असतात.

पाण्याखेरीजची कामे फार नाहीत, पण ती वेळच्या वेळी झाली पाहिजेत. पहिले काम लव्हाळ्याचे. नुसती पाने उपटली तर त्याच्या जमिनीतल्या गाठी दुप्पट जोमाने फुटतात. तेव्हा जमीन ओली आहे तोवरच खुरप्याने गाठीसकट तो काढावा. टाकळा, आघाडा आणि गाजर गवत बी धरण्यापूर्वी काढावे. दुसरे काम कापणीचे. पावसाळ्यात हातभर वाढलेले गवत दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकदम मुळाशी भादरण्याची जी रीत पडली आहे, तिने हिरवळीचा जीव जातो. वरची हिरवी पाने गेली, खालची पांढरी देठे उघडी पडली, आणि त्यावर ऑक्टोबरचे ऊन. त्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक तृतीयांश उतरवत दोन इंचांवर आणून थांबावे. कापलेले गवत बारीक असेल तर तिथेच पडू द्यावे; त्याचेच खत होते. तिसरे काम जमीन मोकळी करण्याचे. पावसात तुडवून घट्ट झालेल्या जागी पहारीच्या टोकाने वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोके पाडावीत आणि त्यांत चाळलेले कुजके खत भरावे. समुद्राची वाळू कटाक्षाने टाळावी. हे खत विकत आणण्याची गरज नाही. पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या वसाहतींनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घालून दिले होते. उघड्यावर कचरा जाळण्यालाही त्यांनी मनाई केली. तरीही खरकटे, भाजीची देठे आणि पाचोळा पिशव्यांत भरून उत्तनच्या धावगी डोंगराकडे पाठवायचा, तिथल्या धुराविषयी आणि दुर्गंधीविषयी गावकऱ्यांच्या तक्रारी वर्तमानपत्रात वाचायच्या, आणि आपल्या हिरवळीसाठी मात्र खताची गोणी बाजारातून आणायची, हा व्यवहार काही वसाहतींत निर्वेधपणे चालू आहे.

चौथी गोष्ट मांडवाची. गणपतीचा मांडव निघतो न निघतो तोच नवरात्राचा उभा राहतो. मीरा रोड-भाईंदरच्या मिश्र वस्तीत गरबा हा साऱ्यांचाच सण झाला आहे, आणि नऊ रात्री शेकडो पावले एकाच वर्तुळात फिरली की तिथले गवत बसणारच. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. हिरवळ नाचण्यासाठीच असते, खिडकीतून पाहण्यासाठी नव्हे. पण मांडववाला बांबूचे खड्डे तसेच उघडे टाकून जातो, सजावटीचे खिळे आणि तारांचे तुकडे गवतात राहतात, भटारखान्याचे उकळते तेलपाणी एका कोपऱ्यात ओतले जाते, याला सणाचे नाव देता येत नाही. मांडवाच्या भाड्यातली काही रक्कम खड्डे बुजेपर्यंत हातची राखून ठेवावी, भटारखाना फरशीवर मांडावा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जमीन पहारीने मोकळी करून भरपूर पाण्याची एक पाळी द्यावी. टक्कल पडलेल्या जागी हरळीच्या मुळ्या धरलेल्या कांड्या खोचल्या तर जमिनीतली ओल अजून त्यांना धरून ठेवते. कोजागरीनंतर खोचलेल्या कांड्यांना तोवर उशीर झालेला असतो.

आता डासांचे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरात, उघड्या पिंपात. शहरी हिवतापाचा डास पाण्याच्या टाक्यांत वाढतो. वाढलेल्या गवतात प्रौढ डास दुपारी विसावतात हे खरे, आणि त्यावर उपाय वेळेवर कापणी हा आहे. फरसबंदी केलेल्या आवारात डास कमी झाले असे मानण्यापूर्वी गच्चीवर एक फेरी मारून यावी.

खरे पाहता चिखल आणि डास ही पुष्कळदा निमित्ते असतात. सभेत ज्याचा उच्चार होत नाही असे कारण चार चाकांचे असते. फरशी झाली की पहिल्या आठवड्यात तिच्यावर एक गाडी 'आजच्यापुरती' उभी राहते. महिन्याभरात पिवळ्या रंगाचे पट्टे ओढले जातात आणि क्रमांक पडतात. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या आराखड्यात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवण्याचे बंधन राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे, आणि ते गाड्यांसाठी नाही. जुन्या संस्थांच्या मंजूर नकाशांवरही अशी जागा हिरव्या रंगात दाखवलेली सापडेल. ठरावाला हात वर करण्यापूर्वी सभासदाने तो नकाशा पाहायला मागावा. समिती तो नाकारू शकत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना सभेत बोलता येते. ज्या सात वर्षांच्या मुलाला पडायला मऊ जमीन हवी असते, त्याला मतदानाचा हक्क नाही, आणि गुडघे दुखतात म्हणून गवतावर चालणारी आजी सभेचा जिना चढत नाही.

त्या मुलांची गाठ दिवाळीत पडते. सहामाही परीक्षा संपली की ती किल्ल्यासाठी माती शोधत हिंडू लागतात. याच शहरात चौकच्या टेकडीवर, खाडीच्या मुखाशी, धारावीचा किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, मराठे आणि पोर्तुगीज त्यासाठी झुंजले. ज्या आवारात फरशी झाली आहे तिथली मुले मातीची पिशवी विकत आणतात, किंवा प्लास्टरचा तयार किल्लाच घेऊन येतात. ज्या आवारात अजून गवत आहे तिथे रखवालदार एक कोपरा दाखवतो, माती उकरली जाते, बुरूज चढतात, आणि त्यांवर अळीव नि मोहरी पेरली की चार दिवसांत कोवळे रान उगवते. तुळशीच्या लग्नानंतर हा किल्ला कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. त्याची ढेकळे फोडून, दगड वेचून काढून, राहिलेली माती चाळणीने हिरवळीवर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी पसरावी, मांडवाच्या खड्ड्यांत थोडी जास्त, आणि त्याच संध्याकाळी पाण्याची पाळी द्यावी. हे काम मुले अर्ध्या तासात करतात. माळ्यासाठी ते ठेवण्याचे कारण नाही.